झाडाचे दुधाचे दात

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या वर्गाच्या भिंतीवर २२ पानं लागली. सगळी एकाच साच्यावरून कापलेली, सगळी नारिंगी कागदाची, सगळ्यांच्या मधोमध दोन डोळे आणि हसरं तोंड. कुठलं पान कुणाचं, हे मागचं नाव वाचल्याशिवाय मलाही सांगता आलं नसतं. सहा वर्षांच्या मुलांना ती कातरलेली कडा कापता येत नाही, म्हणून आदल्या रात्री साडेअकरापर्यंत जागून मीच कापली होती. कापणं माझं, चिकटवणं माझं. मुलांनी काय केलं, तर डोळे काढले.

भिंत छान दिसत होती. खोटं कशाला बोलू, मी तिचा फोटोही काढला.

त्याआधी चार वर्षं मी चौथीला शिकवत होते. पहिली पहिल्यांदाच हाती आली होती आणि मी धास्तावले होते. चौथीतल्या मुलाला काही सांगितलं की ते वहीत उतरतं. पहिलीतल्या मुलाला सांगितलं की ते खिशात जातं, आणि तिथून धुवायच्या कपड्यांत. त्या धास्तीपोटी मी दोन आठवड्यांचा भरगच्च आराखडा केला होता. सोमवारी पानं, मंगळवारी खारी, बुधवारी भोपळे, गुरुवारी स्थलांतर करणारे पक्षी, शुक्रवारी बुजगावणं. प्रत्येकाला एक छापील कागद आणि एक हस्तकला. भोपळ्यांच्या कागदावर भोपळे मोजून बेरीज करायची होती. आता वाटतं, त्या भोपळ्यांच्या जागी फुगे छापले असते तरी मुलांना काही फरक पडला नसता.

एक गंमत सांगते. मी माझी रोजनिशी मराठीत लिहिते. आराखडा केला त्या रात्री वर ‘शरद ऋतू’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. आपल्या सहा ऋतूंमधला शरद म्हणजे पाऊस ओसरल्यावरचं धुतलेलं आकाश, आश्विन-कार्तिकातलं चांदणं. पानं गळतात ती शिशिरात. माझ्या खिडकीबाहेर महिना शरदाचा होता आणि काम शिशिराचं चाललं होतं. शेवटी ‘पानगळ’ लिहिलं. निदान जे घडतंय ते त्या शब्दात दिसतं तरी. तेव्हा कल्पना नव्हती की पुढचे दोन महिने मी त्या एका शब्दाच्या उत्तरार्धातच अडकून पडणार आहे.

शाळेच्या मागे एक मेपल आहे. फार मोठा नाही, आणि त्याची एक फांदी इतकी खाली आलेली की पहिलीतलं मूल टाचा उंचावून तिला हात लावू शकतं. आम्ही पिशव्या घेऊन पानं वेचायला गेलो होतो. फार पानं पडलीच नव्हती. पाच-सहा जणांनी दगड वेचायला सुरुवात केली होती. तेवढ्यात एक मुलगी माझ्यापाशी आली. आदल्याच दिवशी तिचा खालचा पुढचा दात पडला होता आणि दर दोन मिनिटांनी ती जिभेने ती खिंड चाचपत होती. तिच्या हातात एक पिवळं पान होतं. देठाचं टोक माझ्यापुढे धरून ती म्हणाली, “टीचर, झाडाचे दुधाचे दात पडायला लागले.”

मी हसले. “हो, अगदी तसंच,” असं काहीतरी म्हणून पुढे सरकणार होते. पण शेजारी उभ्या मुलाने विचारलं, “मग नवीन कुठून येणार?”

“वसंतात येतात ना नवीन पानं,” मी म्हटलं.

“पण कुठून?” तो अडूनच बसला.

दात पडलेल्या मुलीने त्याला समजावलं, “माझा आतून येतोय. दातांच्या डॉक्टरांनी फोटोत दाखवला. तो आधीपासून आत बसलेला असतो.” मग माझ्याकडे वळून, “झाडाचा पण आत बसलाय का?”

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकले होते, आकृत्या काढून गुणही मिळवले होते, पण पान पडण्याआधी त्या जागी पुढचं पान असतं की नसतं हे झाडाजवळ जाऊन बघितलं नव्हतं. “बघूया,” म्हणाले. सहसा हा शब्द आम्ही विषय टाळायला वापरतो. त्या दिवशी २२ जणांनी तो खराच धरला.

पुढच्या सोमवारी आम्ही त्या खालच्या फांदीची एक डहाळी निवडली आणि तिच्या बुडाशी लाल रिबन बांधली. दर सोमवारी तिची पानं मोजायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर तेवढ्या लांबीची पट्टी काढायची, एवढंच ठरलं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं गेली. एकाचं उत्तर ३८, दुसरीचं ४३, तिसऱ्याचं “खूप”. जिवंत डहाळी छापील कागदासारखी स्थिर राहत नाही. वारा आला की मोजलेलं पान न मोजलेल्यांत मिसळतं. शेवटी असं केलं, की एकाने पानाला बोट लावायचं आणि दुसरीने त्याच वेळी पेल्यात एक मणी टाकायचा. बोट आणि मणी यांचा ताल जमायला दोन फेऱ्या लागल्या. मग वर्गात येऊन मणी दहा-दहाच्या ओळीत मांडले. चार ओळी आणि एक मणी. ४१.

दहाचे गट हा पहिलीच्या गणिताचा कणाच, आणि मी तो काड्यांच्या जुड्या बांधून शिकवणार होते. काड्यांच्या जुड्या मुलं बांधतात कारण टीचर सांगते. मणी त्यांनी ओळीत लावले, कारण बाहेर जाऊन पुन्हा मोजायचा कंटाळा आला होता. हा फरक मला त्या दिवशी जाणवला.

दुसऱ्या सोमवारीही ४१. मुलं खट्टू झाली. “काहीच झालं नाही,” म्हणून एकाने तक्त्यावर रागाचा चेहरा काढला. पण त्याच सोमवारी एक महत्त्वाचं काम झालं, आणि ते केलं एका अबोल मुलाने, जो तोवर वर्गात दहा वाक्यंही बोलला नसेल. तो म्हणाला, “जोड्या आहेत.” खरंच होतं. मेपलची पानं डहाळीवर समोरासमोर येतात. एका बाजूला एक, तर बरोबर पलीकडे दुसरं. पलीकडच्या ओकची तशी येत नाहीत, ती एक सोडून एक येतात. ते आम्ही लगेच जाऊन पाहिलं. मग आता दोन-दोनने मोजता येणार नाही का? दोन, चार, सहा करत गेलो तर २० जोड्या झाल्या आणि एक पान एकटं उरलं.

“याचा जोडीदार कुठंय?”

भिंग आणलं. एकट्या पानाच्या समोर, जिथे जोडीदार असायला हवा होता, तिथे डहाळीवर एक बारीकसा वण होता. पसरट, इंग्रजी व्हीसारखा, आणि त्यात तीन ठिपके. मुलांना त्यात लगेच चेहरा दिसला, दोन डोळे आणि एक तोंड. ते ठिपके म्हणजे पानात पाणी नेणाऱ्या आणि पानात तयार झालेली साखर खाली आणणाऱ्या नळ्यांचे तुटलेले शेवट. आणि त्या वणाच्या बरोबर वर, अगदी चिकटून, तांदळाच्या दाण्याहून लहान एक टोकदार कोंब. मिटलेला, खवल्याखवल्यांचा.

दात पडलेल्या मुलीने भिंग घेतलं, बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “बसलाय आत.”

मग सगळ्यांनी अजून डहाळीवर टिकून असलेल्या पानांच्या बगलेत पाहिलं. तिथेही कोंब. हिरव्यागार, ठणठणीत पानाच्या काखेतसुद्धा पुढच्या वर्षाची सोय आधीच झालेली. हे कोंब उन्हाळ्यातच तयार होतात, हे मी त्या रात्री वाचलं. मुलांना ते वाचायची गरज पडली नाही.

इथेच माझा दोन आठवड्यांचा आराखडा मोडला. बुजगावणं राहिलं ते राहिलंच.

दाताच्या मागोमाग दाताचेच प्रश्न आले. दुखतं का? रक्त येतं का? एक मुलगा तर पानगळीचा अर्थ झाड आजारी आहे असा लावून बसला होता. तो मधल्या सुट्टीत जाऊन पडलेली पानं खोडाशी टेकवून ठेवायचा. त्याला “झाड मरत नाही रे” असं सांगून भागत नव्हतं, मी तीनदा सांगून पाहिलं होतं. म्हणून आम्ही एक प्रयोग केला. नियम असा, की रिबनची डहाळी सोडून दुसरीकडचं एकच हिरवं पान तोडायचं आणि एकच पूर्ण पिवळं. हिरवं ओढलं तर डहाळीच वाकली. जोर केल्यावर देठ फाटून आलं, सालीचा एक धागा घेऊन, आणि जागा ओली दिसत होती. पिवळ्याला बोट लावलं मात्र, ते हातात आलं. जागा कोरडी, गुळगुळीत. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि तिथूनच पान सुटतं. झाडाच्या बाजूने मात्र त्याच जागेवर बुचासारखं आवरण धरतं. जखम होण्याआधीच तिच्यावर खपली तयार असते म्हणा ना. त्या मुलाने दोन्ही जागांवरून आलटून पालटून बोट फिरवलं. नंतर त्याने पानं टेकवून ठेवणं बंद केलं, पण पूर्ण नाही. दोन-तीन दिवस तो एकच पान ठेवायचा.

रंगांच्या बाबतीत माझी फजिती झाली. “थंडी पडली की पानं रंग बदलतात,” असं मी ठोकून दिलं. तो दिवस चांगलाच उबदार होता. अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेल्या एका मुलाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “पण थंडी पडलीच नाहीये.” पहिलीतली मुलं उद्धट नसतात. त्यांना फक्त आपलं म्हणणं आणि वस्तुस्थिती यांचा मेळ हवा असतो. मी घरी जाऊन नीट वाचलं. थंडीचा हात असतो, पण झाडाला मुख्य खूण मिळते ती दिवस लहान होत गेल्याची. त्यावर पुढे येते. आधी रंग.

हिरवा रंग हरितद्रव्याचा. उन्हाळाभर झाड ते नव्याने करत राहतं. पानगळ जवळ आली की ते करणं थांबवतं, आणि पानात आधीपासूनच असलेला पिवळा-नारिंगी उघडा पडतो. हे सांगून पटवणं मला बरं वाटेना, म्हणून प्रयोग केला. हिरवी पानं बारीक फाडून काचेच्या ग्लासात घातली, ती बुडतील इतकं स्पिरिट ओतलं आणि ग्लास गरम पाण्याच्या भांड्यात ठेवला. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे जवळपास ज्योत नाही, खिडक्या सताड उघड्या आणि मुलं हातभर लांब. ओतणं-हलवणं सगळं मी केलं. पाऊण तासाने स्पिरिटात हिरवा रंग उतरला. मग कॉफी गाळायच्या कागदाची पट्टी त्यात उभी सोडली आणि आम्ही वाचनाच्या तासाला बसलो. मध्येच कुणीतरी किंचाळलं. पट्टीवर हिरवा रंग चढत होता आणि त्याच्याही पुढे, वरच्या टोकाला, फिकट पिवळी कड आली होती. हिरव्यागार पानातून पिवळा!

“लपला होता,” कुणीतरी म्हणालं, आणि दिवसभर वर्गात लपाछपीचं राज्य झालं.

लाल पानांचा ग्लास मात्र रुसला. स्पिरिट गुलाबी झालं, पट्टीवर लाल पट्टा काही वेगळा उमटला नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं, तोच प्रकार. माझं तोंड पडलेलं बघून एकीने मला तिच्या डब्यातला घास देऊ केला. पण लालचं उत्तर आम्हाला झाडाखालीच मिळालं. एका लालभडक पानाच्या मधोमध दुसऱ्या पानाच्या आकाराचा पिवळट ठसा होता. फांदीवर असताना त्याच्यावर दुसरं पान आलेलं असणार. ऊन लागलं तिथे लाल, सावलीत पिवळं. लाल रंग पिवळ्यासारखा आधीपासून लपलेला नसतो. तो पानात उरलेल्या साखरेपासून शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होतो, आणि त्याला ऊन लागतं. मुलांनी मग असे ठसेवाले नमुने शोधायचा सपाटाच लावला. त्या आठवड्यात पिशवीत भरलेली पानं मी चुकून शनिवार-रविवार प्लॅस्टिकच्या पिशवीतच बांधून ठेवली. सोमवारी पिशवी उघडली तेव्हा आलेला वास मी वर्णन करणार नाही. तेव्हापासून गोळा केलेली पानं त्याच दिवशी वर्तमानपत्रात घालून जाड शब्दकोशांखाली जायची. शब्दकोशांचा इतका उपयोग माझ्या वर्गात याआधी झाला नव्हता.

पानाचा ठसा घेणं, पाइनच्या झाडाचा खवल्यांचा शंकू (पाइनकोन) पाण्यात घालून तो मिटताना बघणं आणि वाळल्यावर पुन्हा उघडताना बघणं, मेपलच्या पंखवाल्या बिया जिन्यावरून सोडणं, हेही केलं. सगळं छान झालं. ठसा घ्यायचा असेल तर शिरांची बाजू वर ठेवा आणि मेणाच्या खडूचा कागद सोलून खडू आडवा फिरवा, उभ्या खडूने कागद फाटतो. पाइनकोनचं मुलांना जास्त आश्चर्य वाटलं ते याचं, की तो कधीचाच झाडावरून पडलेला, मेलेला, तरी हलतो. खवल्यांच्या दोन बाजू पाण्याने कमीजास्त फुगतात, म्हणून तो मिटतो. जिवंतपणाशी त्याचा संबंध नाही. पण मन त्या लाल रिबनमध्ये अडकलं होतं.

तिसऱ्या सोमवारी ४०, चौथ्या सोमवारी ३६, पाचव्या सोमवारी २७. आता कुणी रागाचे चेहरे काढत नव्हतं. “पुढच्या वेळी किती असतील?” हा अंदाज प्रत्येक जण शुक्रवारी चिठ्ठीवर लिहायचा. सुरुवातीला अंदाज १०० किंवा १ असे यायचे. पाचव्या आठवड्यापर्यंत बहुतेक जण २० च्या आसपास आले. कुणी शिकवलं नव्हतं, तक्त्यावरच्या पट्ट्या लहान होत जाताना दिसत होत्या.

त्या शनिवारी रात्रभर वादळ झालं. सोमवारी मुलं दप्तरं टाकून थेट झाडाकडे पळाली. ८ पानं.

“किती पडली?” मी विचारलं आणि गप्प बसले. २७ मधून ८ ही वजाबाकी आम्ही कागदावर केलीच नव्हती. एका गटाने २७ मणी मांडले, ८ वेगळे काढले आणि उरलेले मोजले. अबोल मुलगा मात्र ८ पासून वर निघाला. “दोन घातले की दहा. दहापासून सत्तावीस म्हणजे सतरा. सतरा नि दोन, एकोणीस.” मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, त्याला आवडत नाही. एका मुलीला वजाबाकीशी काही घेणंदेणं नव्हतं. तिने डहाळीखाली बसून १९ पानं शोधून आणायचा चंग बांधला. ‘आपलीच’ १९. वादळानंतरच्या त्या ढिगात! तिला मी थांबवलं नाही. पंधरा मिनिटांनी ती चिखलाने माखून आली, हातात एक गांडूळ आणि एक जाळीदार पान, ज्याच्या फक्त शिरा उरल्या होत्या. ढिगात वरची पानं कोरडी होती, खालची ओली आणि अगदी तळाची अशी झाली होती, असं तिने सांगितलं. पानं पडल्यावर कुठे जातात यावर माझ्याकडे एक छापील कागद होता. तो तसाच राहिला.

आता दिवस लहान होण्याचं. २३ सप्टेंबरला, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात तेव्हा, मी आराखड्यातला एक उपक्रम उरकला होता. एक मीटरची काठी उभी करून तिची दुपारची सावली मोजायची. घड्याळात बारा वाजता मोजली आणि मग पाहते तर सावली आणखी आखूड होतच होती. घड्याळातली दुपार आणि सूर्याची दुपार एक नसते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून दर दहा मिनिटांनी खडूने खूण करत बसलो आणि सगळ्यांत आखूड सावली घेतली. ८४ सेंटिमीटर. त्या लांबीची दोरी कापून मी खणात टाकली आणि विसरले.

थंडीच्या त्या फजितीनंतर ती दोरी आठवली. झाडाला कसं कळतं, दिवस लहान होतोय? आपल्याला तरी कुठे दिसतो? महिन्याने पुन्हा मोजायचं ठरलं. नेमका त्या दिवशी ढग. दोन दिवस वाट पाहून २४ ऑक्टोबरला मोजली, १२७ सेंटिमीटर. मुलांनी दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी टांगल्या आणि गप्प झाली. वीत-दीड वीत नाही, चांगला हातभर फरक. २२ नोव्हेंबरची दोरी १७४ ची निघाली. ती दारापाशी लावली तर वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलापेक्षा उंच. “सूर्य आळशी झालाय,” एकाने निदान केलं, “वर चढतच नाही.” मला ते निदान पसंत आहे. “सूर्य लांब गेलाय” असंही एकीचं म्हणणं होतं, जसं बऱ्याच मोठ्यांचंही असतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला. पण अक्षाचं कलणं सहा वर्षांच्या डोक्यात घालायचा मोह मी आवरला. “वर चढत नाही” हे डोळ्यांनी दिसलेलं होतं, तेवढं पुरे.

हे सगळं चाललं असताना माझ्या वर्गाची भिंत मात्र भकास दिसत होती. शेजारच्या वर्गात रंगीत पानांची तोरणं, पिसांचे पक्षी, दारावर कागदाचं झाड. माझ्याकडे तीन दोऱ्या, एक लहान होत जाणाऱ्या पट्ट्यांचा तक्ता आणि दोन डागाळलेले गाळणकागद. पालकांच्या भेटीच्या आदल्या दिवशी एका वरिष्ठांनी सौम्यपणे विचारलं, “मुलांचं काम कुठे लावलंय?” मी दोऱ्यांकडे बोट दाखवलं. त्यांनी मान डोलावली, ती समजल्याची होती की दयेची, कळलं नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री पुन्हा नारिंगी कागद काढावा असं मनात आलं होतं. वाचनाचं वेळापत्रकही आठवडाभर मागे पडलं होतं आणि ते भरून काढायला पुढे माझी दमछाक झाली, हेही लपवत नाही. पालक आले तेव्हा मुलांनीच त्यांना हाताला धरून झाडाकडे नेलं. अंधार पडायला लागला होता, भिंगातून काही दिसत नव्हतं, तरी एक वडील मोबाइलचा उजेड धरून त्या तीन ठिपक्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत होते.

दाताची उपमा कुठे तुटते, हेही मुलांनीच काढलं. दुधाच्या दाताचं मूळ खालून विरघळतं आणि नवा दात त्याची जागा घेत वर येतो. कोंब पानाला ढकलत नाही. तो शेजारी नुसता बसून असतो, आणि पान आपल्या थरापाशी सुटतं. “मग दात नाही,” एक जण निराश झाला. मी थोडं शोधलं तेव्हा चिनाराची गंमत सापडली. चिनाराच्या पानाचं देठ बुडाशी पोकळ असतं आणि कोंब त्या पोकळीत झाकलेला असतो, पान पडेपर्यंत दिसतच नाही. अगदी हिरडीखालच्या दातासारखा. हे सांगितल्यावर निराश मुलगा खूश झाला, पण दात पडलेल्या मुलीला काही फरक पडला नाही. ती म्हणाली, मेपलचे दात वेगळ्या प्रकारचे आहेत, एवढंच.

सातव्या सोमवारी ३. आठव्या सोमवारी ०.

आमच्या डहाळीचं एकही पान पडताना कुणी पाहिलं नाही. ४१ पानं, आठ आठवडे, २२ मुलं, आणि प्रत्येक पान आम्ही नसताना पडलं. एकाला हे फारच लागलं. त्याने सुचवलं की पुढच्या वर्षी आळीपाळीने रात्री पहारा ठेवायचा. तक्त्यावर शून्याची पट्टी किती लांब काढायची यावर वाद झाला. काहींचं म्हणणं काहीच काढायचं नाही. पण मग आपण त्या दिवशी मोजलं नाही असं वाटेल, ही दुसऱ्यांची हरकत. शेवटी पट्टीच्या जागी फक्त लाल खडूने ० लिहिलं.

मला वाटलं, झालं. मी रिबन सोडायला गेले तर पाच-सहा जण आडवे आले. “अजून दात आलेच नाहीत!” मी म्हटलं, अरे, त्याला मार्च-एप्रिल उजाडेल. त्यांना चालणार होतं. रिबन राहिली. तक्त्याला उजवीकडे एक कोरा कागद जोडला, कारण जागा संपली होती. नवव्या सोमवारी ० लिहिलं. दहाव्या सोमवारीही ०. त्या दिवशी दात पडलेल्या मुलीने माझ्यासमोर उभं राहून खालचा ओठ बोटाने खाली ओढला. हिरडीत पांढरी, करवतीसारखी कड नुकती दिसायला लागली होती. मग ती भिंग घेऊन बाहेर गेली, कोंब बघून आली आणि म्हणाली, “माझा आधी आला.”